अनारसेमास्तरांचं मीठ

नांदेडच्या सरकारी शाळेत मी हिसाब, म्हणजे गणित, शिकवायचो आणि ते सायन्स. गावात त्यांना सगळे अनारसेमास्तर म्हणत. यात अनारशांचा काही संबंध नव्हता. निजामाचं राज्य होतं, शाळेची पुस्तकं उर्दूत होती, आणि उर्दूत मूलद्रव्यांना अनासिर म्हणतात. पोरं घरी जाऊन सांगायची, "आज मास्तरांनी अनासिर दाखवले." आयांना वाटायचं, शाळेत अनारसे वाटले. एक बाई तर डबा घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत आली होती. माझं पोरगं तापानं पडलंय, त्याच्या वाटचे तेवढे द्या, म्हणून हटून बसली. त्या दिवसापासून ते नाव चिकटलं. मास्तरांनीही ते निमूटपणे घेतलं.

मास्तर मूळचे निलंग्याकडचे. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि चिडले की कानडी. "येनप्पा!" असा आवाज सायन्सच्या वर्गातून आला की आम्ही शेजारच्या वर्गातले लोक खडू खाली ठेवायचो, कारण पाठोपाठ काहीतरी फुटायचं. अंगानं उंच, वाळकुडे. अंगात सरकारी नोकराची काळी शेरवानी, आणि तेजाबाच्या शिंतोड्यांनी तिला इतकी भोकं पडलेली की उन्हात उभे राहिले की आतला सदरा ठिपक्याठिपक्यांनी दिसायचा.

माणसांशी ते तुसडेपणानं बोलायचे. हेडमास्तरांनाही एका शब्दात उत्तर. पण मूलद्रव्यांचं नाव निघालं की आवाज मऊ व्हायचा आणि भाषा अदबीची. लोखंडाला 'ते' म्हणायचे. "ह्यांना ओल सोसत न्हाई. ओल लागली की अंगावर गंज चढतो. मनाचे मात्र मजबूत." गंधकाला 'साहेब' म्हणायचे. कोळशाला तेवढं एकेरी, कारण तो त्यांच्या म्हणण्यानुसार घरचाच होता. बाजारातून जाताना कासाराच्या दुकानासमोर पावलं हळू करायचे आणि तांब्याच्या हंड्यांकडं बघून मान लववायचे. कासाराला वाटायचं हे आपल्याला नमस्कार करून राहिले. तोही उलट नमस्कार करायचा. कित्येक वर्षं त्या दोघांचं असं चाललं, एकही शब्द न बोलता.

त्यांचा एक नियम होता. ज्याची स्वतःची गाठभेट झालेली नाही, त्याच्याबद्दल वर्गात बोलायचं नाही. "नुसतं नाव सांगून पळायला मी काय हाळी देणारा हाय का? आधी ओळख, मग धडा." शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्या कपाटात हेडमास्तरांची छत्री. त्यामुळं प्रत्येक मूलद्रव्य मास्तरांना गावातून धुंडून आणावं लागायचं. पारा दाखवायचा म्हणून सरकारी दवाखान्यातला थर्मामीटर मागून आणला आणि वर्गात कपाळाला हात लावून त्याची क्षमा मागून फोडला. डॉक्टर भांडायला आले, तर मास्तरांनी त्यांच्या तळहातावर पाऱ्याचा थेंब ठेवला. "बघा, ओले न्हाईत आणि तरी वाहतात. कुणाला चिकटत न्हाईत. असा माणूस तुम्ही बघितलाय?" डॉक्टर थेंब हातावर खेळवत बसले. परत जाताना थर्मामीटरचं विसरूनच गेले.

सोन्याच्या वेळी सोनार स्वतः शाळेत आला. सोनं त्याच्या मुठीत. प्रत्येक बाकासमोर जाऊन मूठ जराशी उघडायचा, आणि पोरगं वाकलं की मिटायचा. हायड्रोजनसाठी मास्तरांनी लॉरीच्या बॅटरीतलं तेजाब आणलं, त्यात जस्ताचे तुकडे टाकले आणि वर येणारा वायू फुग्यात धरला. फुगा वर गेला आणि छताच्या आढ्याला टेकला. मास्तर खाली उभे राहून म्हणाले, "सगळ्यांत हलके हेच. ह्यांना गर्व न्हाई, वजन न्हाई, म्हणून वर गेले." मग काडी लावली. गर्व नव्हता हे खरं, पण आवाज कचेरीपर्यंत गेला.

नायट्रोजनचा धडा मी स्वतः खिडकीतून पाहिला. मास्तरांनी टेबलावर कापडानं झाकलेली बरणी ठेवली. सावकाश कापड काढलं. बरणी रिकामी.

"हे नायट्रोजन."

"सर, काहीच न्हाई की त्याच्यात," मागून कोणीतरी म्हणालं.

"हाय. आपल्या हवेत सगळ्यांत जास्ती हेच. पण जळत न्हाईत, जाळत न्हाईत, कुणाच्या भानगडीत पडत न्हाईत. बसून राहतात. कचेरीतल्या कारकुनासारखं."

तासभर सगळा वर्ग रिकाम्या बरणीकडं बघत बसला होता. मला वाटतं, त्या वर्गातला एकही जण पुढं नायट्रोजनला विसरला नसेल.

हा नियम मास्तर स्वतःलाही लावायचे, आणि तिथंच घोटाळा होता. पानाला चुना लावायचे नाहीत, कारण चुन्यात कॅल्शियम आहे आणि त्यांची नि कॅल्शियमची भेट नव्हती. कोरडं पान चघळत हिंडायचे. तरी हे एवढ्यावर चाललं होतं.

एके दिवशी वर्गात मिठाची गोष्ट निघाली. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचं लग्न, एक अंगाला पाणी लागलं की पेट घेणारा आणि दुसरी घुसमटवणारी, आणि दोघांचा संसार असा की त्याच्याशिवाय जगाचं जेवण होत नाही, असं मास्तर रंगात येऊन सांगत होते. वर्गात नायगावकडचा एक थोराड विद्यार्थी होता. मिशा फुटलेल्या, लग्न झालेलं, नापास होत होत आमच्या वयाला आलेला. तो उठला.

"सर, तुम्ही बघितलंय का सोडियम?"

मास्तरांचा हात हवेतच राहिला. कुठून आले असते ते नांदेडात? त्यांनी ते पुस्तकातच वाचलं होतं. आपला नियम आपणच मोडला, आणि तोही सगळ्या वर्गासमोर. "बस खाली," एवढंच म्हणाले आणि घंटा होण्याआधी वर्गाबाहेर पडले.

मी नि मास्तर एकाच खानावळीत जेवायचो. खानावळ एका काकूंची. त्या मुखेडच्या, नवरा गेल्यावर नांदेडात येऊन त्यांनी ही चूल मांडलेली. जिभेनं तिखट, हातानं त्याहून. त्या संध्याकाळी मास्तरांनी ताट पुढं सरकवलं.

"काकू, उद्यापासून माझ्या जेवणात मीठ नको."

"का ओ? पथ्य हाय का?"

"ओळख न्हाई."

"कुणाची?"

"सोडियमची. क्लोरीनची पण न्हाई. भेटल्याशिवाय खाणार न्हाई."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "पंधरा जण जेवत्यात माझ्याकडं," काकू म्हणाल्या, "आजवर कुणी मिठाला नाव ठेवलं न्हाई. आणि तुम्ही वळख मागून राहिले? मग पाणी कसं पिता?"

"त्यांच्यातल्या दोघांना भेटलोय."

"आन् भाकर?"

"ती बहुतेक कोळशाची न् पाण्याची. चालते."

भाकरीत आणि भाजीत आणखी कोण कोण मूलद्रव्यं दडलेली असतात ते मला थोडंफार ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर माणूस त्याच आठवड्यात उपाशी मेला असता.

काकूंनी पुष्कळ उपाय केले. वरणात गुपचूप मीठ घातलं, मास्तरांनी पहिल्या घासाला ओळखलं आणि ताटाला नमस्कार करून उठले. काकू रडल्या, रागावल्या, अबोला धरला. अबोल्याचं मास्तरांना काही वाटलं नाही, उलट जेवण शांतपणे होऊ लागलं.

खरी पंचाईत वेगळीच झाली. आमच्या मुलखात सरकारी नोकरी करणं म्हणजे सरकारचं मीठ खाणं. आणि अनारसेमास्तरांनी मीठ सोडलंय ही बातमी गावभर झाली. बाजारात पोचेपर्यंत ती 'मास्तर सरकारचं मीठ खाणार न्हाईत म्हणे' अशी झाली होती. दिवस नाजूक होते. चार माणसं एका ओट्यावर बसली तरी शिपाई येऊन विचारायचा, कशाबद्दल बोलून राहिले? सरहद्दीपलीकडच्या मुलखात मिठावरून काय काय होऊन गेलं होतं ते इथल्या पोलिसांच्याही कानावर होतं. शाळेच्या फाटकासमोर एक शिपाई दिसू लागला. हेडमास्तर घाबरले. ते हैदराबादचे, नेक माणूस.

"मियाँ," त्यांनी मास्तरांना जवळ बसवून सांगितलं, "घर में चाहे जो करो. लेकिन किसी के सामने एक चुटकी नमक खा लो. मेरे वास्ते."

"मुलाकात झाल्यावर खाईन," मास्तर म्हणाले.

मग उन्हाळा लागला. नांदेडचा उन्हाळा, आणि अंगातून घामावाटे जे काही मीठ जायचं ते परत यायची वाट बंद. मास्तरांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. जिना चढताना कठडा धरू लागले. आणि एका दुपारी फळ्यावर तांब्याचं नाव लिहिता लिहिता मास्तरच खाली कोसळले. खडू हातातच होता, त्याची रेघ फळ्यावरून भिंतीवर, भिंतीवरून फरशीपर्यंत आली होती. थर्मामीटरवाले डॉक्टरच धावत आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे मीठ खात नसतील तर पुढच्या वेळी उठणार न्हाईत."

मी मास्तरांच्या उशाशी बसून हात जोडले. ते पडल्या पडल्या छताकडं बघत म्हणाले, "तुमचा हिसाब असा सोपा हाय. माझं तसं न्हाई. पोरानं विचारलं आणि मी खोटा ठरलो. आता मीठ खाल्लं तर कायमचा खोटा."

काकू दाराशी उभ्या होत्या. पदरानं तोंड पुसत मला म्हणाल्या, "कुठं राहतो ओ हा मुडदा सोडियम? जाऊन घेऊन या त्याला."

माझा एक मावसभाऊ हैदराबादला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. मी रजा टाकून गाडीत बसलो. भावानं आधी मला वेड्यात काढलं, मग आत जाऊन एक जाड काचेची बरणी आणली. आत घासलेट, आणि घासलेटात बुडालेले करडे, ओबडधोबड तुकडे. "पाण्यापासून जप," तो म्हणाला. "हवेपासून पण. आणि पोलिसापासून."

परतीच्या गाडीत ती बरणी मी मांडीवर धरून बसलो. समोर एक म्हातारी भाकरी सोडून बसली. बरणीकडं बघून बघून शेवटी म्हणाली, "बाबा, लोणच्याची एक फोड देतोस का?" मी म्हणालो, हे लोणचं नाही. ती म्हणाली, तेल तर दिसून राहिलं. मी म्हणालो, ते घासलेट आहे. म्हातारीनं भाकरी गुंडाळली आणि पुढच्या स्टेशनला डबा बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेट ठरली, गोदावरीच्या घाटावर. मास्तरांना आम्ही टांग्यातून आणलं. अंगात नव्हती ताकद, पण दाढी केलेली होती आणि भोकांची शेरवानी धुतलेली होती. सगळा वर्ग आला होता, पुढं तो नायगावचा मिशीवाला. हेडमास्तर आले. काकू भाकरी, पिठलं आणि मिठाची वाटी घेऊन आल्या, म्हणजे भेट झाली की तिथल्या तिथं जेवण. आणि पायरीवर आमचे अमीन, म्हणजे गावचे फौजदार, दोन शिपाई घेऊन उभे होते. नदीवर जमाव होणार अशी त्यांना खबर होती, आणि ती खोटी म्हणता येत नव्हती.

मास्तरांनी चिमट्यानं एक तुकडा काढला, टिपकागदावर ठेवला, चाकूनं कापला. लोण्यासारखा कापला गेला. आतून चांदीसारखा लखलखला, आणि बघता बघता त्याच्यावर मळभ आलं.

"लाजतात," मास्तर पुटपुटले.

मग त्यांनी टोपी सारखी केली, दोन्ही हात जोडले, स्वतःचं नाव, गाव आणि हुद्दा सांगितला, आणि हरभऱ्याएवढा तुकडा कापायचा तो भावनेच्या भरात सुपारीएवढा कापून पाण्यात सोडला.

तुकडा बुडाला नाही. फुसफुसत पाण्यावर पळत सुटला. गोल झाला, गरगरला, पिवळा जाळ निघाला, आणि मग असा धमाका झाला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. घाटावरचे लोक पळाले. शिपाई लोकांच्या पुढं पळाले. अमीनसाहेब दचकून वळले ते पायरी चुकून गोदावरीत बसले, साफा वाहून चालला. एकटे मास्तर जागच्या जागी उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भेटलो," ते म्हणाले. "हौदु. होय, भेटलो."

काकू वाटी घेऊन पुढं झाल्या. "खावा आता."

मास्तरांनी मान हलवली. "अजून एकजण राहिले. क्लोरीन."

काकूंनी काय उत्तर दिलं ते मला लिहिता येणार नाही. ते पुरं व्हायच्या आत अमीनसाहेब पाण्यातून वर आले होते आणि त्यांनी मास्तरांना, मला आणि बरणीला चौकीवर नेलं.

चौकीत बरणी टेबलावर ठेवली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला निथळणारे अमीनसाहेब.

"साहेब, जरा दूर बसा," मास्तर काळजीनं म्हणाले. "तुम्ही ओले हाय. ह्यांना चालत न्हाई."

अमीनांनी खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागं नेली आणि तिथून चौकशी सुरू केली.

"आप सरकार का नमक कायकू नहीं खाते?"

"ओळख नव्हती."

"सरकार से?"

"सोडियमशी."

"ये सोडियम कौन है? किधर रहता?"

"घासलेटात."

अमीनांनी मुन्शीला लिहायला सांगितलं. "और कितने हैं तुम्हारे लोगां?"

"ब्याण्णव," मास्तर म्हणाले.

मुन्शीचा टाक थांबला. अमीन पुढं झुकले, बरणी आठवली, परत मागं झाले. "बानवे! नाम बोलो."

मास्तरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना कोणी आपण होऊन सगळी नावं विचारली नव्हती. "हायड्रोजन. हेलियम. लिथियम," त्यांनी सुरुवात केली. नियम वर्गातला होता, ही चौकी होती. प्रत्येकाचा स्वभाव सांगू लागले, कोण हलका, कोण आळशी, कोण कुणाशी जमवून घेतो. मुन्शी लिहीत होता. लोखंडापाशी अमीनांनी हात वर केला.

"ये किधर मिलेगा?"

"तुमच्या रक्तात हाय, साहेब."

अमीनांनी आपल्या मनगटाकडं पाहिलं. "कबसे?"

"जन्मापासून."

मुन्शी रडकुंडीला आला होता. "हुजूर," तो म्हणाला, "हर मुल्जिम के बाप का नाम लिखना पड़ता. इनके बापां का नाम क्या लिखूँ?" यावर अमीनसाहेबांनी वर्दीची ओली बाही पिळायला घेतली. बाहेर काकूंचा आवाज आला. शिपाई त्यांना अडवत होता आणि त्या त्याला, उपाशी माणूस मेला तर तुझ्या नावानं मरंल, असं सांगत होत्या. अमीनांनी त्यांना आत सोडायला लावलं, मला वाटतं मुन्शीचा प्रश्न टाळायला.

काकूंनी ताट मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. मास्तर ताटाकडं बघत होते, आणि एकदम त्यांनी मान वर केली. नाक फुगवलं.

"हा वास कशाचा?"

"वो?" शिपाई वैतागून म्हणाला. "हैजे के दिनों में बावड़ी में डालते ना, वो सफेद पावडर. बोरी भीग गयी. आँखां जलते हमारे, इधर बैठा नहीं जाता."

मास्तर ताट घेऊनच उठले. चौकीच्या कोपऱ्यात ब्लीचिंग पावडरचं ओलसर पोतं पडलं होतं. त्यांनी वाकून लांब श्वास घेतला, खोकले, ठसका लागला, डोळे लाल झाले, आणि पोत्यासमोर खाली बसले. "दर साल विहिरीवर भेटून राहिलात आणि मी ओळखलं न्हाई तुम्हाला," ते खोकत म्हणाले. "माफी असावी."

तिथंच, पोत्याशेजारी बसून त्यांनी मिठाची चिमूट पिठल्यात कालवली आणि घास घेतला. मास्तरांनी घास चावला, गिळला, डोळे मिटले. काकू पुढं वाकल्या.

"कसं झालंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"खारट," मास्तर म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

काकू मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या, हसता हसता रडू लागल्या. अमीनसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "सरकार का नमक सरकार की चौकी में खा लिया. मामला खतम." मुन्शीनं नावांचे कागद इतक्या आनंदानं फाडले की हायड्रोजनपासून लोखंडापर्यंत सगळे जमिनीवर पसरले.

आम्ही निघालो तेव्हा अमीनसाहेब दारापर्यंत आले. इकडं तिकडं पाहून त्यांनी आवाज खाली केला. "मास्तरसाब, वो पानी पो दौड़नेवाले... और बाकी हैं क्या? मैं तो पानी में बैठा था, बराबर देखा नहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा घाटावर आले. कडक वर्दी, नवा साफा, छातीवर बिल्ले. मास्तरांनी या वेळी तुकडा मापात कापला, टिपकागदावर ठेवून पुढं धरला आणि दोघांची रीतसर ओळख करून दिली. अमीनसाहेबांनी टाचा जुळवल्या आणि त्या करड्या तुकड्याला सलाम केला. मग तुकडा पाण्यात गेला, फुसफुसत पळाला, जळाला, फुटला. अमीन या खेपेला जागचे हलले नाहीत. पाण्यावर शेवटचा धूर विरेपर्यंत बघत राहिले.

"शरीफ हैं," ते म्हणाले. "बस, मिजाज जरा गरम है."

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. "बघा," ते म्हणाले, "वर्गात घसा कोरडा करून राहिलो, आणि धडा समजला तो ह्या एकट्याला."